शटडाऊन करूनही बंद न होणारं विंडोज आणि लिनक्समधून गायब होणारं वायफाय

ड्युअल बूटवर, म्हणजे एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असताना, विंडोजमध्ये वायफाय ठणठणीत आणि लिनक्समध्ये आलं की कधी आहे, कधी चिन्हच गायब, असं तुमच्याकडे होत असेल तर राउटरला शिव्या देणं आधी थांबवा. लिनक्स नव्याने टाकायला काढलेला पेनड्राइव्हही ड्रॉवरमध्ये ठेवून द्या. मी लिनक्स दोनदा टाकून बसलोय, जवळपास तीन महिने डोकं खाल्लंय या प्रकाराने, आणि शेवटी उपाय निघाला एका टिकमार्कचा.

आमच्या घरचा सेटअप असा. एक जुना लॅपटॉप, त्याच्या एकाच डिस्कवर विंडोज १० आणि लिनक्स मिंट. बॅटरी फुगली म्हणून दीड वर्षापूर्वी काढून ठेवलीय, अडॅप्टर कायम लावलेला, म्हणजे नावाला लॅपटॉप, बाकी डेस्कटॉपच. रात्री धाकटी बहीण विंडोजवर कॉलेजचं काम करते आणि सकाळी मी लिनक्स चालू करतो. सकाळी बघावं तर वायफायच नाही. नेटवर्क दिसत नाहीत असं नाही, अख्खा पर्यायच मेनूतून गेलेला, जणू मशीनमध्ये कार्ड कधी नव्हतंच. लिनक्समधून चार वेळा रिस्टार्ट करा, काही फरक नाही. वैतागून विंडोजमध्ये जावं तर तिथे नेट धो धो चालू, आणि तिथून रिस्टार्ट करून लिनक्समध्ये आलं की इथेही चालू! मग मी बरेच दिवस तेच करत होतो, सकाळी उठून आधी विंडोजला हजेरी लावायची आणि मग कामाला बसायचं.

लिनक्स दुसऱ्यांदा टाकलं तेव्हा तर मला वाटलं की आता कायमचं सुटलं. त्यात गंमत अशी की पेनड्राइव्ह तयार करायला मी विंडोजमध्ये गेलो होतो, तिथूनच रिस्टार्ट मारून पेनड्राइव्हवरून बूट केलं, त्यामुळे वायफाय चालणारच होतं. श्रेय मिळालं नव्या इन्स्टॉलेशनला. दोन दिवसांनी पहिले पाढे पंचावन्न.

खरा धागा मिळाला तो गुरुवारी. आमच्याकडे दुरुस्तीसाठी बरेचदा गुरुवारी सकाळी लाइट जाते, तीन-चार तास येत नाही. आणि एक दिवस लक्षात आलं की गुरुवारी लाइट आल्यावर लिनक्स चालू केलं की वायफाय पहिल्या फटक्यात चालतं, विंडोजमध्ये न जाता. आई म्हणाली, गुरुवार आहे, स्वामींची कृपा. मी हसलो खरा पण तीन गुरुवार असंच झाल्यावर मी पण जरा विचारात पडलो. मग डोक्यात आलं की बॅटरी नाही, लाइट गेली म्हणजे मशीनचा वीजपुरवठा मुळापासून तुटतोय, बाकीच्या दिवशी मात्र अडॅप्टर रात्रभर लावलेलाच असतो. शुक्रवारी सकाळी मुद्दाम अडॅप्टर काढला, पॉवरचं बटन अर्धा मिनिट दाबून धरलं, पुन्हा अडॅप्टर लावला, लिनक्स चालू केलं. वायफाय हजर. म्हणजे कार्डाला वीज मिळतच होती आणि ते रात्रीपासून कुठल्यातरी अर्धवट अवस्थेत अडकून बसलेलं होतं.

बहिणीला विचारलं, तू रात्री हायबरनेट (म्हणजे चालू अवस्था डिस्कवर साठवून मशीन झोपवणं) वगैरे करतेस का गं? तर म्हणाली, "नाही रे दादा, मी शटडाऊन करूनच झोपते रोज." आणि ती खरंच शटडाऊनच करत होती. खोटं विंडोज बोलत होतं.

२०१२ मध्ये विंडोज ८ आलं तेव्हापासून त्यात फास्ट स्टार्टअप नावाचं प्रकरण आहे. शटडाऊन दाबलं की तुमचे प्रोग्राम बंद होतात, तुम्ही लॉगआउट होता, पण कर्नल (सिस्टीमचा गाभा) आणि ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारं सॉफ्टवेअर) यांची जी काही अवस्था आहे ती हायबरफिल डॉट सिस नावाच्या फाइलमध्ये डिस्कवर लिहून ठेवली जाते आणि दुसऱ्या दिवशी शून्यातून सुरुवात न करता तीच फाइल वाचून विंडोज उठतं. म्हणजे दिसायला शटडाऊन, आतून अर्धं हायबरनेट. आता विंडोजला वाटतं की सकाळी पण मीच उठणार आहे, त्यामुळे वायफाय कार्डाला ते पूर्ण मोकळं करत नाही, आणि सकाळी उठतं लिनक्स. लिनक्सचा ड्रायव्हर कार्डात फर्मवेअर, म्हणजे कार्डाचं स्वतःचं आतलं सॉफ्टवेअर, भरायला जातो, कार्ड उत्तर देत नाही, ड्रायव्हर हात टेकतो. हे काही माझं एकट्याचं संशोधन नाही, इंटेलच्या कार्डांसाठी लिनक्समध्ये जो ड्रायव्हर आहे त्याच्या माहितीपानावरच ड्युअल बूटवाल्यांसाठी हा इशारा दिलेला आहे, मी तो आधी वाचला असता तर तीन महिने वाचले असते.

आणि यातली सगळ्यात उलटी गोष्ट म्हणजे रिस्टार्टमध्ये हा फास्ट स्टार्टअप वापरला जात नाही. आपल्याला वाटतं शटडाऊन म्हणजे पक्कं बंद आणि रिस्टार्ट म्हणजे तात्पुरतं, इथे बरोबर उलटं आहे. म्हणूनच माझं ते विंडोजला हजेरी लावून येणं उपयोगी पडत होतं.

तुमच्याकडेही हेच आहे का हे बघायचं असेल तर विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर क्लिक करा, खाली अप टाइम लिहिलेला असतो. रोज रात्री मशीन बंद करूनही तिथे नऊ-दहा दिवस दिसत असतील तर समजा की ते रोज बंद होतच नाहीये. दुसरी खूण लिनक्समध्ये दिसते. विंडोजचा सी ड्राइव्ह उघडायला गेलं की तो फक्त वाचण्यापुरता उघडतो किंवा विंडोज हायबरनेट अवस्थेत आहे म्हणून उघडायलाच नकार देतो. तेव्हा तो ड्राइव्ह जबरदस्तीने माउंट करायचे, म्हणजे जोडून उघडायचे, उपाय सांगणारे खूप भेटतील, ते करू नका, विंडोजने जिथे बोट ठेवून पुस्तक मिटलंय तिथली पानं आपण बदलली तर फाइली खराब होतात.

उपाय आता. विंडोजमध्ये कंट्रोल पॅनेल, त्यात पॉवर ऑप्शन्स, डावीकडे "चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू", आत गेल्यावर वर एक ओळ असते "चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल", ती दाबल्याशिवाय खालच्या टिका फिक्या दिसतात आणि लोक इथेच अडकतात. ती दाबली की "टर्न ऑन फास्ट स्टार्टअप"ची टिक काढा आणि सेव्ह करा. मग एकदा नीट शटडाऊन. झालं. फक्त एकदाच तपासून बघायचं असेल तर सेटिंगला हात न लावता शिफ्ट दाबून ठेवून शटडाऊनवर क्लिक करा, तो पूर्ण शटडाऊन असतो.

माझं दोन-अडीच महिने मस्त चाललं आणि मग एका सकाळी परत गायब. मी म्हटलं आता काय. विंडोजने मध्ये एक मोठा अपडेट घेतला होता आणि ती टिक आपोआप परत आली होती! त्यामुळे आता मी सरळ मूळच उपटलंय, विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट राइट क्लिक करून ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडायचा आणि लिहायचं पॉवरसीएफजी, स्पेस, स्लॅश एच, स्पेस, ऑफ. याने हायबरनेटच बंद होतं, मग फास्ट स्टार्टअपला पाय ठेवायला जागाच उरत नाही. ती हायबरफिल फाइलही उडते, विंडोज १० मध्ये ती साधारण रॅमच्या ४० टक्के असते, म्हणजे ८ जीबी रॅमवर तीनेक जीबी जागा सुटली. तोटा म्हणजे हायबरनेटचा पर्याय जातो आणि विंडोज उठायला थोडा जास्त वेळ घेतं. बहिणीची पहिले दोन दिवस कुरकुर झाली, नंतर तिला सवय झाली. मोठ्या अपडेटनंतर मात्र एकदा डोकावून बघायची सवय मी ठेवलीय.

आता प्रत्येकाचं दुखणं हेच असेल असं नाही. मी हे चार जणांना सांगितल्यावर तिघांचं सुटलं, चौथ्याचं नाही, आणि मग त्याच्या नादाने बाकीचं पण शिकावं लागलं. कमांड मी बोलतो तशाच लिहितोय, टाइप करताना अर्थात इंग्रजी अक्षरात, सगळी लहान. आणि त्याआधी एक व्यवहाराची गोष्ट, वायफाय नाही म्हणून ड्रायव्हर नाही आणि ड्रायव्हर नाही म्हणून वायफाय नाही या चक्रात अडकलात तर अँड्रॉइड फोन डेटा केबलने जोडा आणि फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा, लिनक्स त्याला वायरवालं नेट समजून लगेच घेतं. फोन घरच्या वायफायवर असेल तर बहुतेक फोन तेच नेट पुढे देतात, डेटा पॅक पण खर्च होत नाही. नुसती चार्जिंगची केबल चालत नाही, तिच्यात डेटाच्या तारा नसतात, यावर माझा अर्धा तास गेलाय.

टर्मिनल (लिनक्समधली कमांड लिहायची खिडकी) उघडून पहिलं लिहा आरएफकिल लिस्ट. यात वायरलेस लॅनसमोर सॉफ्ट ब्लॉक्ड आणि हार्ड ब्लॉक्ड अशा दोन ओळी येतात. सॉफ्टपुढे येस असेल तर कोणीतरी सॉफ्टवेअरमधून बंद केलंय, बऱ्याचदा विमानाच्या चित्राचं बटन चुकून दाबलं गेलेलं असतं, सुडो आरएफकिल अनब्लॉक ऑल लिहिलं की सुटतं. हार्डपुढे येस असेल तर कमांडने काही होणार नाही, लॅपटॉपच्या कडेला असलेली छोटी सरकपट्टी, फंक्शनचं बटन किंवा बायोसमधलं वायरलेसचं सेटिंग बघा. काही लॅपटॉपमध्ये अशी पट्टीच नसते आणि तरी हार्ड ब्लॉक दिसतो, तिथे त्या कंपनीच्या बटनांसाठी असलेला लिनक्सचा मॉड्यूल (ड्रायव्हरचा तुकडा) चुकीची खबर देत असतो, तो मॉड्यूल काढून बघावा लागतो.

या यादीत वायफाय मुळी नसेलच तर एलएसपीसीआय, स्पेस, डॅश एनएनके. लांबलचक यादी येते, तिच्यात नेटवर्क कंट्रोलर शोधा. तिथे कार्डाचं नाव असेल आणि खाली "कर्नल ड्रायव्हर इन यूज" ही ओळच नसेल तर ड्रायव्हरचा घोळ. ओळ असेल आणि तरी वायफाय नसेल तर सुडो डीमेसग लिहून शेवटी फर्मवेअर या शब्दाच्या आसपास काय रडगाणं आहे ते वाचा. फाइल सापडली नाही, एरर वजा २, असं असेल तर फर्मवेअरचं पॅकेज नाही. टाइमआउट असेल आणि अडॅप्टर काढून घातल्यावर जात असेल तर वरची माझीच कहाणी. आणि यादीत कार्डच नसेल तर लॅपटॉप पूर्ण बंद, चार्जर काढलेला, बॅटरी निघत असेल तर तीही काढलेली, पॉवर बटन अर्धा मिनिट दाबून धरा, मग चालू करा. एवढं करूनही दोन्ही सिस्टीममध्ये कार्ड नाहीच दिसलं तर ते ढिलं झालंय किंवा गेलंय, तिथे सॉफ्टवेअरवाल्याचं काम संपलं.

ज्या चौथ्याचं सुटलं नाही म्हटलं त्याचा लॅपटॉप नवा कोरा आणि लिनक्स मात्र त्याने जुन्या पेनड्राइव्हवरून टाकलेलं. लिनक्समध्ये वायफायचे बहुतेक ड्रायव्हर कर्नलच्या आतच येतात, त्यामुळे कार्ड नवं आणि कर्नल जुना असेल तर ओळखच पटत नाही. उदाहरण द्यायचं तर इंटेलच्या एएक्स २०० ला कर्नल ५.१ पासून पुढचा लागतो, एएक्स २१० ला ५.१०, आणि वायफाय ७ वालं बीई २०० घेतलं तर ६.५. आपला कर्नल कुठला हे युनेम डॅश आर लिहिलं की कळतं. नव्या लॅपटॉपवर नवीच आवृत्ती टाकायची, चार वर्षांपूर्वीचा पेनड्राइव्ह कितीही लाडका असला तरी. डेबियनवाल्यांना पूर्वी वेगळाच ताप होता, मुक्त नसलेलं फर्मवेअर मूळ इन्स्टॉलरमध्ये नसायचं, २०२२ मध्ये त्यांनी मतदान घेऊन ते बदललं आणि २०२३ च्या डेबियन १२ पासून ते इन्स्टॉलरमध्येच येतं.

ब्रॉडकॉमच्या कार्डांचा एक प्रकार असा की ड्रायव्हर वेगळा टाकावा लागतो आणि सिक्युअर बूट (डिजिटल सही नसलेलं सॉफ्टवेअर अडवणारं सेटिंग) चालू असेल तर तो सहीशिवाय चढत नाही. इन्स्टॉल करताना एक पासवर्ड ठेवायला सांगतात आणि पुढच्या बूटला निळी स्क्रीन येते, तिथे एनरोल एमओके निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. ती स्क्रीन काही सेकंदच थांबते, बरेच जण घाबरून किंवा चहा आणायला जाऊन ती घालवतात आणि मग ड्रायव्हर टाकूनही वायफाय नाही अशी तक्रार करत फिरतात. काही जण सरळ सिक्युअर बूट बंद करा म्हणतात. करा, पण ड्युअल बूटवर त्याआधी विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कला कुलूप लावणारी सोय) चालू आहे का ते बघा आणि ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा, नाहीतर विंडोज पुढच्या वेळी तीच की मागत बसेल. वायफाय दुरुस्त करायला जाऊन घरच्यांचा डेटा कुलपात टाकला तर जेवायला कोणी वाढणार नाही.

वायफाय आहे, जोडलेलंही आहे, पण पेज उघडताना अडखळतं, मध्येच पाच सेकंद श्वास रोखतं आणि मग धावतं, असं असेल तर बहुधा पॉवर सेव्हिंग. उबंटू आणि मिंटमध्ये ईटीसीच्या आत नेटवर्कमॅनेजर, त्यात कॉन्फ डॉट डी, तिथे डीफॉल्ट वायफाय पॉवरसेव्ह ऑन अशा नावाची फाइल आहे. तिच्यात वायफाय डॉट पॉवरसेव्हपुढे ३ लिहिलेलं असतं ते २ करा आणि नेटवर्कमॅनेजर रिस्टार्ट करा. ३ म्हणजे चालू, २ म्हणजे बंद, हे आकडे कोणी ठरवले देव जाणे. विंडोजमध्ये असंच होत असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंटचा टॅब असेल तर त्यातली वीज वाचवायला हे उपकरण बंद करण्याची परवानगी काढून टाका.

फोनला घरचं नेटवर्क दिसतं, विंडोजला दिसतं, लिनक्सलाच दिसत नाही, शेजारच्यांची मात्र सगळी दिसतात, असं असेल तर राउटर कुठल्या चॅनेलवर आहे ते बघा. २.४ गिगाहर्ट्झवर राउटर ऑटोवर असेल तर तो कधी १२ किंवा १३ वर जातो, आणि लिनक्सने देश अमेरिका धरलेला असेल तर हे दोन चॅनेल तो ऐकतच नाही. आयडब्ल्यू रेग गेट लिहिलं की कुठला देश धरलाय ते दिसतं. देश बदलत बसण्यापेक्षा राउटरमध्ये चॅनेल १, ६ किंवा ११ पैकी एक कायमचा करून टाका, सगळ्या उपकरणांचं भांडण मिटतं.

घड्याळाचं पण सांगून टाकतो कारण हा प्रश्न नेहमी वायफायच्या बरोबरीनेच येतो. लिनक्स मदरबोर्डवरच्या घड्याळात यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, ठेवतं, विंडोज तिथे स्थानिक वेळ ठेवतं, त्यामुळे एकाकडून दुसरीकडे गेलं की आपल्याकडे बरोबर साडेपाच तासांचा फरक पडतो. नेट आलं की वेळ आपोआप सुधारते म्हणून एरवी कळत नाही, पण वायफाय गायब असलं की कॉम्प्युटरवर सकाळी आठ वाजता दुपारचा दीड वाजलेला असतो. याने वायफाय बंद पडत नाही, उलट वायफाय नाही म्हणून हे दिसतं. लिनक्समध्ये टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १ लिहिलं की लिनक्स विंडोजसारखं वागायला लागतं. शुद्धतावादी लोकांना हे आवडत नाही, त्यांनी विंडोजच्या रजिस्ट्रीत जाऊन त्याला यूटीसी शिकवावं, मला एका ओळीत काम झालं.

ब्लूटूथ माऊसचं मात्र मी सोडून दिलं. दोन्ही सिस्टीमला ब्लूटूथ कार्डाचा पत्ता एकच असतो पण जोडणी करताना बनणारी की वेगवेगळी, त्यामुळे विंडोजमध्ये जोडला की लिनक्समध्ये तुटतो आणि उलटही. एकीकडची की काढून दुसरीकडच्या फाइलमध्ये चिकटवता येते, मी एकदा केलंही, पण बहिणीने माऊस तिच्या मैत्रिणीच्या लॅपटॉपला जोडून आणला आणि सगळं पाण्यात. शेवटी कोपऱ्यावरच्या दुकानातून वायरवाला माऊस आणला.